नाईक जनार्दन तामोरे यांची नाडी कुणी पाहिली नाही

मी चोवीस वर्षं लष्कराच्या वैद्यकीय शाखेत नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव साताऱ्याकडचं. गेली सात वर्षं बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत नोकरी करतो. इथं मला आणलं जनार्दन तामोरेनं. हे लिहितोय ते त्याच्याविषयी.

लोक मला लढाईच्या आठवणी विचारतात. गोळीनं माणूस मरताना मी दोनदा पाहिला. उलट्यांनी मरताना एकदाच पाहिला, आणि तोही लष्करातली नोकरी संपल्यावर, बोईसर–पालघर रस्त्यावर. पहिल्या दोघांचं दुःख आहे. तिसऱ्याचा राग आहे, आणि तो अजून कमी झालेला नाही.

राग कशाचा हे कळायला आधी उत्तरेकडची एक पोस्ट सांगावी लागेल.

उंची साडेबारा हजार फूट. आम्ही अडतीस जण होतो. बटालियनचे डॉक्टर, म्हणजे आरएमओ कॅप्टन सेठी, खाली हेडक्वार्टरला असायचे. पायी चार तास. वर मी एकटा. इन्फंट्रीतले जवान नर्सिंग असिस्टंटला डॉक्टरच म्हणतात, तसं मलाही म्हणत. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारासह मोर्च्यात उभं राहायचं, सातला चहा, आठला सिक रिपोर्ट. सिक रिपोर्टला येणारे बहुतेक फुटलेले ओठ आणि पायाचे फोड घेऊन यायचे.

जनार्दन पोस्टचा रेडिओ ऑपरेटर होता. पालघरकडच्या मुरबे गावातल्या मच्छीमाराचा मुलगा. बोलायला कमी, तिखट कानाचा. सेटवर खरखरीतून एक शब्द पकडायचा तर तोच पकडायचा. माणसांकडेही तसंच लक्ष ठेवायचा. त्या दिवशी सिक रिपोर्ट संपल्यावर तो माझ्याकडे आला.

"डॉक्टर, शेळकेला बघा. कप हातात धरत नाय."

सिपाही शेळके बीडकडचा. त्याची रजा मंजूर झाली होती. आजारी म्हणून नोंद झाली तर रजा पुढे जाईल, या भीतीनं त्यानं चार दिवसांच्या उलट्या लपवल्या होत्या. स्लीपिंग बॅगमध्ये पडून होता. जीभ कोरडी, डोळे आत. हात वर कर म्हटलं तर कोपरापर्यंतच आला. नाडी पूर्ण एक मिनिट मोजली. सात वेळा ठोका चुकला.

जनार्दननं सेट लावला आणि मी खाली कॅप्टन सेठींना उलट्यांचं सांगितलं. बोलणं हिंदीत झालं, इथं मराठीत देतो.

"किती दिवस? ओव्हर."

"चार दिवस, सर. ओव्हर."

"लघवी?"

"सकाळी एकदा झालीय. थोडी."

"हातापायांत जोर?"

"नाही, सर. नाडी चुकतेय. मिनिटात सात."

मग कॅप्टन सेठींचा आवाज आला. "ग्लुकोज देऊ नको. साधं सलाईन लाव. स्ट्रेचरवर घे आणि निघ. मी ईसीजी घेऊन वर येतो. वाटेत भेटू. आऊट."

नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. चौघांनी स्ट्रेचर धरलं. सलाईन गोठू नये म्हणून जनार्दननं बाटली कोटाच्या आत पोटाशी धरली. नळी दोन बटणांच्या मधून बाहेर काढली आणि शेळकेच्या डोक्याशी तो वाकडा वाकडा चालत राहिला. अकरा वाजता अर्ध्या वाटेवरच्या दगडी निवाऱ्यात कॅप्टन सेठी भेटले. पाठीवर ईसीजी मशीन. दम खायलाही थांबले नाहीत. शेळकेच्या छातीला तारा लावल्या, कागद बाहेर आला आणि तो आम्हाला दाखवला. जी लाट डोंगरासारखी उभी असायला हवी ती सपाट झाली होती. तिच्या मागं एक छोटी, नको असलेली लाट उठत होती.

"पोटॅशियम गेलंय," ते म्हणाले. "उलटीबरोबर पोटातलं आम्ल जातं, मीठ जातं, पाणी जातं. मग मूत्रपिंड मीठ वाचवायला धडपडतं आणि त्या भरात पोटॅशियम लघवीत सोडून देतं. हृदय त्याच्यावर चालतं. लोकांना वाटतं उलट्यांनी माणूस सुकून मरतो. सुकायच्या आधीच हृदय बेताल होऊन मरू शकतो."

ग्लुकोज का नको, तेही त्यांनी सांगितलं. साखर रक्तात गेली की शरीर इन्सुलिन सोडतं, आणि ते उरलंसुरलं पोटॅशियमही रक्तातून पेशींत ओढून नेतं. आधीच रिकाम्या माणसाला आणखी रिकामं करायचं.

मग पोटॅशियमची ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, काढली. अर्ध्या लिटरच्या सलाईनमध्ये मिसळली आणि बाटली नीट हलवली. "दोन तासांत ही एक बाटली. थेंब मोज. आणि एक कायम लक्षात ठेव, ही ॲम्प्यूल सिरिंजनं थेट शिरेत कधीही द्यायची नाही. दिलीस तर हा इथंच जाईल, बंदूक न वापरता."

जनार्दन बाटली पोटाशी धरून हे सगळं ऐकत होता. दुपारी दोनला आम्ही हेडक्वार्टरला पोचलो. शेळके तिसऱ्या दिवशी उठून बसला. महिन्याभरानं रजेवर गेला. आज घरी आहे, दोन मुलींचा बाप आहे.

तिथं काय होतं? एक डॉक्टर, एक मशीन, चार खांदे. आणि प्रत्येकानं आपलं काम कुणी सांगायच्या आधी केलं. मी हे कौतुकानं सांगत नाही. एवढं व्हायलाच हवं, हा हिशेब तिथं माझ्या डोक्यात पक्का बसला.

जनार्दन सतरा वर्षं नोकरी करून नाईक म्हणून निवृत्त झाला आणि मुरब्याला परतला. भावाची बोट होती, पण गुडघे गेले होते. बोटीवर उभं राहणं जमेना. बोईसरला माझ्या नव्हे, दुसऱ्या एका कारखान्याच्या गेटवर कंत्राटदाराकडून सिक्युरिटी गार्ड म्हणून लागला. तिथंही बारा बारा तास उभंच. गुडघे दुखले की कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीतून दुखण्याची गोळी घ्यायचा. दोन वर्षं रोज. देणाऱ्यानं एकदाही विचारलं नाही की किती दिवस खातोस, पोटात जळजळ होते का, जेवल्यावर खातोस का. रजिस्टरवर सही घेतली आणि गोळ्यांची पट्टी हातात ठेवली. गोळ्यांनी जठराच्या तोंडाशी जखम झाली, जखम भरली, परत झाली, आणि शेवटी ती वाट आकसून बंद होत आली. हे मला नंतर शवविच्छेदनाच्या अहवालातून कळलं. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मे महिना होता. सोमवारी त्याला उलट्या सुरू झाल्या. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास बोईसर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो मला भेटला. चहा हातात घेऊन नुसता उभा होता.

"डॉक्टर, पोट बिघडलंय. कालपासून काय राहत नाय."

"घरी जा, मीठ-साखर-पाणी घे, झोप," मी म्हणालो. "आणि मुरब्याचं कालवण दोन दिवस बंद कर."

तो हसला. मीही हसलो. मी त्याची नाडी पाहिली नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण बाकीच्यांवर रागवायचं तर यादीत माझं नाव आधी यायला हवं.

बुधवारी तो ड्युटीवर गेला. गेटच्या कोपऱ्यात दोनदा ओकला. त्यानं सुपरवायझरला सांगितलं की बदली माणूस द्या, मला घरी सोडा. सुपरवायझर म्हणाला, "रिलीवर नहीं है, तामोरे. शिफ्ट निकाल लो." हे मला त्याच्याबरोबरच्या गार्डनं सांगितलं. प्रथमोपचार खोलीत त्याला ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि परत उन्हात उभं केलं. गुरुवारी त्याची बायको भारती त्याला एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं नाडी न पाहता, पोटाला हात न लावता उलटीचं इंजेक्शन दिलं, ग्लुकोजची एक बाटली चढवली आणि "उन्हाचं आहे, ताकद येईल" असं सांगून घरी पाठवलं. ग्लुकोजची.

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला भारतीवहिनींचा फोन आला.

"भावजी, तुमी या. हे उठत नाय. हात पण उचलत नाय."

मी बीपीचं यंत्र घेतलं आणि मोटरसायकल काढली. मुरब्याला त्यांच्या दाराशी बांबूच्या मांडवावर बोंबील सुकत होते आणि शेजारच्या दोन बायका दारात उभ्या होत्या. जनार्दन खाटेवर होता. मला ओळखलं. बोलला, पण शब्द जिभेला चिकटत होते. आडवा असतानाही बीपी वरचं चौऱ्याऐंशी, खालचं पन्नास. मान उचलता येत नव्हती. बोटांना मुंग्या. पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. अकरा ठोके चुकले.

"वहिनी, उलटीत काय पडतं?"

"आज सकाळी भात पडला, भावजी."

"भात कधी खाल्लेला?"

"काल दुपारी दोन घास. बारा वाजता."

मी कान त्याच्या पोटावर ठेवला आणि कंबर धरून हलकंच हलवलं. हंड्यात पाणी हिंदकळावं तसा आवाज आला. काल दुपारचं अन्न वीस-बावीस तासांनी जसंच्या तसं जठरात होतं, पुढे जातच नव्हतं. हे समजायला मोठी डिग्री लागत नाही. एक प्रश्न आणि एक कान लागतो. पाच दिवसांत कुणी ना प्रश्न खर्च केला, ना कान.

"डॉक्टर," जनार्दन म्हणाला, "शेळके."

त्याला कळलं होतं. त्यानं स्वतःचं निदान स्वतः केलं होतं.

सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती दुसऱ्या केसवर होती. जनार्दनच्या भावाच्या टेम्पोत मासळीच्या रिकाम्या टोपल्या बाजूला केल्या, गादी घातली आणि निघालो. बोईसरला जे पहिलं खाजगी हॉस्पिटल लागलं तिथं अकरा वाजता पोचलो. नाव लिहीत नाही. तिथल्या ड्युटी डॉक्टरनं बाकावर पडलेल्या जनार्दनकडे पाहिलं, जड जिभेचं बोलणं ऐकलं आणि भारतीवहिनींना विचारलं,

"किती घेतली यानं?"

"ते घेत नाय," वहिनी म्हणाल्या. "कदी घेतली नाय."

मी पुढे झालो. "सर, पाच दिवसांच्या उलट्या आहेत. नाडी चुकतेय, हातापायांत जोर नाही. पोटॅशियम कमी झालंय असं दिसतं. आधी ईसीजी काढा."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. लष्करात नर्सिंग असिस्टंट होतो."

"मग मला शिकवू नका."

त्यानं नर्सला ग्लुकोज लावायला सांगितलं. मी नर्ससमोर उभा राहिलो आणि म्हणालो की साधं सलाईन लावा, ग्लुकोज लावू देणार नाही. नर्सनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरनं हात झटकला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला. नर्सनं सलाईन लावलं. ती पोर शहाणी होती, एवढं तिच्याविषयी लिहायला हवं.

ईसीजी मशीन होतं. कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली टेक्निशियनकडे. टेक्निशियन साडेबाराला येतो, असं सांगितलं. बारा हजार फुटांवर एक कॅप्टन तेच मशीन पाठीवर घेऊन चढला होता. इथं ते वीस पावलांवर होतं. मी तीनदा किल्ली मागितली. वॉर्डबॉयला कुलूप तोड म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, नोकरी जाईल." बारा पन्नासला टेक्निशियन आला. बाराला पाच कमी असताना मी नाडीत चौदा ठोके चुकलेले मोजले होते. ते मी एका कागदावर वेळेसकट लिहिलं. तो कागद आजही माझ्याकडे आहे.

ईसीजीचा कागद बाहेर आला. तीच सपाट लाट, तीच मागची नको ती लाट. ड्युटी डॉक्टरनं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आता त्याला घाई झाली. औषधांच्या ट्रेमधून त्यानं पोटॅशियमची ॲम्प्यूल फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि सलाईनच्या नळीच्या तोंडाशी नेली.

मी त्याचं मनगट धरलं.

"सर, थेट नाही. बाटलीत. थेट दिलं तर जागेवर हृदय थांबेल."

तो माझ्याकडे पाहत राहिला. वय तिशीच्या आत असावं. त्या खोलीत त्याला शिकवणारा, थांबवणारा कुणी वरिष्ठ नव्हता. बारा तासांच्या ड्युटीवर एकटा बसवला होता. माझा राग त्याच्यावर होता, अजूनही आहे, पण त्याला तिथं एकटं बसवणाऱ्यावर जास्त आहे. त्यानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. नवी ॲम्प्यूल बाटलीत मिसळली. मी थेंब मोजून लावले.

"इथं मॉनिटर नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "पालघरला न्या. मी चिठ्ठी देतो."

एक पन्नासला त्यांच्याच ॲम्ब्युलन्समधून निघालो. ॲम्ब्युलन्स म्हणजे दिवा, भोंगा आणि स्ट्रेचर. मॉनिटर नाही, शॉक द्यायचं यंत्र नाही. मी डोक्याशी, वहिनी पायाशी. जनार्दन जागा होता. म्हणाला, "तहान लागलीय." ओठ ओले केले. वहिनींनी त्याची पावलं पदराखाली धरली होती, कारण ती गार पडली होती.

उमरोळी स्टेशनच्या अलीकडे त्याचे डोळे वर गेले. नाडी गेली. ड्रायव्हरला गाडी न थांबवता चालव म्हणालो आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. तीस दाब, दोन श्वास. मी ते शेकडो जवानांना शिकवलं आहे. दाबानं रक्त फिरतं, पण असं बेताल झालेलं हृदय ताळ्यावर यायला शॉकच लागतो, हेही मीच शिकवलं आहे. मला माहीत होतं की हातात जे हवं ते नाही. तरी थांबलो नाही. नाडी गेली तेव्हा घड्याळात दोन बावीस झाले होते.

पालघरच्या हॉस्पिटलात एक डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. बोईसरच्या त्या नर्सनं त्यांना फोन केला होता, हे नंतर कळलं. त्यांनी शॉक दिले, मॅग्नेशियम दिलं, सगळं क्रमानं केलं. पस्तीस मिनिटांनी थांबल्या. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पोटॅशियम एक पूर्णांक सहा होतं. साडेतीनच्या वर असावं लागतं, आणि त्या आकड्यात बोईसरच्या बाटलीतले काही थेंबही आले होते.

"काल जरी ईसीजी झाला असता तर," त्या म्हणाल्या. मग वहिनींच्या शेजारी बाकावर बसल्या.

मुरब्याला दुसऱ्या दिवशी एकही बोट निघाली नाही.

मी त्याच्या कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की तामोरे कंत्राटदाराचे कामगार होते. कंत्राटदार म्हणाला, मृत्यू नैसर्गिक आहे. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, पेशंट माझ्याकडून चालत गेला होता. हॉस्पिटलनं सांगितलं, मृत्यू आमच्याकडे झालेला नाही. प्रत्येकाचं वाक्य बरोबर होतं. त्या सगळ्या बरोबर वाक्यांच्या मधल्या जागेत माझा माणूस मेला. मी तक्रारी केल्या आहेत, पुढेही करीन. माझ्या प्रथमोपचार खोलीत आता दुखण्याची गोळी मागणाऱ्याला आधी बसवून चार प्रश्न विचारतो आणि नाडी पूर्ण एक मिनिट मोजतो. रांग लागते. लोक कुरकुर करतात. करू देत.

पालघर तालुक्यातल्या माजी सैनिकांचा वर्षातून एकदा मेळावा होतो. त्यात धारातीर्थी पडलेल्यांची नावं वाचतात. यंदा नावं वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी जनार्दनचं नाव यादीत घातलं. आयोजकांपैकी एक निवृत्त सुभेदार आदल्या दिवशी मला म्हणाले, "जाधव, भावना कळते. पण तो कर्तव्यावर पडलेला नाही. यादीत बसत नाही."

"बुधवारी त्याला गेटवरून सोडलं नाही, साहेब," मी म्हणालो. "आणि तो उभा राहिला. कर्तव्याची याहून वेगळी व्याख्या असेल तर सांगा."

त्यांनी यादी हातात घेऊन पुन्हा वाचली. मग म्हणाले, "शेवटी वाच."

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी नावं वाचली. वाचायची पद्धत ठरलेली आहे. हुद्दा, नाव, गाव, कुठे पडला. मी तीच पद्धत पाळली. नाईक जनार्दन तामोरे. मुक्काम मुरबे, तालुका पालघर. उमरोळी स्टेशनच्या अलीकडे, दुपारी दोन वाजून बावीस मिनिटांनी, भर उजेडात, माणसांच्या देखत.